चौपन्न अंश

पाणी चौपन्न अंशांवर उतरलं की
एल्वुड टॅकेट पेटीतले वरचे दोन कप्पे उघडतसुद्धा नाही.
तिथं उन्हाळ्याची मंडळी पडून असतात:
लाल तोंडाचे, पोटात खुळखुळे असलेले,
पाण्यावर फटफट करत जाणारे खोटे मासे,
लग्नात उगाच पुढं पुढं करणाऱ्या मामांसारखे.
जूनमध्ये चालतात ते. जूनमध्ये बासला भुकेपेक्षा राग जास्त,
आणि रागावलेल्याला काहीही गिळवता येतं.
खोटं बोल पण रेटून बोल, हे तेव्हाचं शास्त्र.
आता खोटंसुद्धा
हळू बोलावं लागतं, दम खात,
मध्येच काहीतरी विसरल्यासारखं.

कंबरलंड तलाव, सकाळचे सहा.
नावेचं नाक दिसत नाही इतकं धुकं.
एल्वुड कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतो
तेव्हा मी दुसरीकडे बघतो.
मागच्या हिवाळ्यापासून हे ठरलेलं आहे.
ठरवलं कुणीच नाही.

तिसरा कप्पा.
हरणाच्या शेपटीचे पांढरे केस बांधलेली जिग,
ओपलनं टीव्हीसमोर बसून वळलेली
(नवऱ्याकडूनही ती नगाचे पैसे मोजून घेते).
करड्या रबराचा बोटभर मासा.
खेकड्याच्या रंगाचं एक क्रँकबेट, ते माझं,
खडकाळ उतारावरच्या बाससाठी.
आणि तळाशी शिशाचा चमचा,
रंग उडालेला, एका कडेला दातांचे ओरखडे.

मला बास हवा असतो, त्याला स्ट्रायपर.
चाळीस वर्षांत भांडण म्हणावं ते एवढंच.
आज सीगल त्याच्या बाजूनं बोलले:
जुन्या नदीच्या पात्रावर, खोल पाण्यावर,
पांढरी पिसं एकदम खाली आली.
पडद्यावर तीस फुटांवर शॅडचा ढग
आणि ढगाखाली जाड जाड कमानी, भुकेल्या.

"चमचा," तो म्हणाला.
गाठ मी मारली. थुंकीनं ओली करून आवळली.
त्यानं विचारलं नाही, मी बोललो नाही.

माझाही एक चमचा होता, नवाकोरा, चकचकीत.
उचल, सोड. उचल, सोड.
परेडमधल्या शिपायासारखा
तो तीस फुटांवर सलाम ठोकत राहिला.
कुणी ढुंकून पाहिलं नाही.

एल्वुडनं आपला खाली सोडला
आणि काहीच केलं नाही.
दांडी मांडीवर, नजर धुक्यात.
फक्त टोकाशी एक बारीक कंप,
थांबायचा, आणि न सांगता पुन्हा सुरू व्हायचा.

गारठलेला शॅड तडकाफडकी मरत नाही.
कुशीवर कलतो, थरथरतो,
थोडा बुडतो, पुन्हा थरथरतो.
सॉमरसेटच्या डॉक्टरीणबाईंकडे
एल्वुडच्या हाताला एक लांबलचक नाव आहे.
तीस फूट खाली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दांडी वाकली ती पाण्याला टेकली.
मी हात पुढे केला. "खबरदार," तो म्हणाला.
मग दोर किंचाळत गेला, आला, पुन्हा गेला,
आणि तेवढा वेळ
थरथर हाताची की माशाची
सांगता आलं नसतं. मलाही, ओपललाही,
त्या डॉक्टरीणबाईंनाही.

जाळ्यात आला तेव्हा वीस पौंडांचा तरी असेल,
अंगावर काळ्या रेघा, वहीला आखाव्यात तशा.
त्यानं त्याला पाण्यात धरून ठेवलं,
कल्ले नीट हलायला लागेपर्यंत,
आणि सोडून दिलं.

"तो चमचा दे बरं," मी म्हटलं.
त्यानं दिला.
तासभर मी तोच चमचा नाचवला, त्याच जागी.
काही नाही.
एल्वुड हसत होता, कप एका हातात,
अर्धी कॉफी विजारीवर.
या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही.

धक्क्याशी आल्यावर एवढंच म्हणाला,
"ओपलनं विचारलं तर
जिगवर आला म्हणून सांग."